हेल

लंडनच्या ऑफिसात, कानाला हेडफोन,
मी लोकांच्या साक्षी टाईप करते.
पैसे शब्दांचे मिळतात. विरामचिन्हं फुकट.

आजची फाईल: किल्कीलची ट्रॉलर, बुडालेली माणसं चार,
साक्षीदार युना मॅकअटीर, वय बासष्ट.
उत्तर आयर्लंडचा किनारा तो.
तिथे वाक्य शेवटाला येऊन बसत नाही,
टाचा उंचावून उंबऱ्यावर उभं राहतं.

"पहाटे तीनला निघाला तो?
मी डबा दिला होता?
वारा तेव्हा पडलेला होता?"

ऐकलं तसं लिहिलं. अकरा पानं,
एकशे चार प्रश्नचिन्हं,
ओळीओळीच्या टोकाला लटकलेले गळ,
जणू बाई कोर्टाला गळच घालतेय.

शुक्रवारी कागद परत आले. समासात
कंपनीच्या वकिलाचं लाल पेन:
'साक्षीदाराला स्वतःचीच खात्री दिसत नाही.'

खात्री!
रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.
बाई एकदाही अडखळत नाही.
दोर किती वाव होता, इंजिन शेवटचं कुणी उघडलं,
गळक्या पंपाबद्दल कुणाकुणाला तिने सांगितलं होतं,
सगळं तारीखवार.
बाकी काही नाही, तिकडचा हेल तो, टोकाला चढणारा,
तिच्या आईचा, शेजारणीचा,
धक्क्यावर बोंबिलाएवढ्या माशाचाही
भाव सांगणाऱ्या पोराचा.

मग एकेक गळ सोडवत बसले.
टिंब. टिंब. टिंब.
जाळ्याच्या काठाला शिसं बांधत जावं तशी.

शेवटच्या पानावर बोट थांबलं.
"अजून दाराला कडी लावत नाही मी.
तो येईल"
हे सांगणं की विचारणं?
दोन्ही तिच्याकडे एकाच चढावर राहतात.

ठरवायचं म्हणून मोठ्याने वाचलं,
आणि वाक्य माझ्याच तोंडात वर सरकलं.

लोस्टॉफ्ट.
हेरिंग साफ करणारी माझी आई अशीच बोलायची,
सफोकचं सपाट रान, पण बोलण्याला चढण.
इथे लागले तेव्हा ऑलिफंटसाहेब हसले होते:
"तू सांगतेयस की विचारतेयस?"
दोन वर्षं आरशापुढे उभी राहून
वाक्यं खाली उतरवायला शिकले मी,
जिन्यावरून कपाट उतरवावं तशी.

सहा वाजता त्यांनी केबिनमधून डोकं काढलं.
"झालं का काम?"
"झालं," मी म्हणाले.

ते दारातच थबकले.
"म्हणजे? झालं की नाही?"