चिठ्ठी क्रमांक एकेचाळीस

बाणकोटला, इसाक सारंगांच्या माडीवर,
एकेचाळीस नंबरची चिठ्ठी: ‘कोयता?’
प्रश्नचिन्ह त्यांचंच, निळ्या शाईचं.

मटाडीच्या धक्क्यावर घेतलेला,
सिगरेटच्या दोन पाकिटांना.
मी टेप लावली. वेतानं गुंडाळलेली मूठ,
वर पातं, आणि पात्याला फुटलेली पाती
निवडुंगाला फुटावीत तशी, वाटेल त्या अंगाला.
धार सगळीकडे. म्यान कसं करणार?
मुठीत आवळला की मनगटच वाकडं होतं.
‘पूजेतला असावा,’ मी लिहिलं.
कळलं नाही की आम्ही तेच लिहितो.

हसुराम चोगले कोलंबी द्यायला आलेला,
गुडघ्यापर्यंत खाडी.
त्यानं तो उचलला. धरला नाही, नुसता तोलला,
आणि पाग टाकणारा त्याचा खांदा
आपोआप मागे गेला.
“ह्यो फेकायचा हाय.”

सारंगांनी घाईनं खिडकी लावली.

मी ‘पूजा’ खोडलं.
गरगरत जाणार, कुठलं तरी पातं लागणारच.

बावीस वर्षं दर शुक्रवारी
खोबरेल लावून पुसलेला तो;
सारंग रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाले,
“फेकला, तर परत कसा येणार?”

हसुराम टोपली उचलत होता.
“पागाला दोरी असते, चाचा.
ह्याला खंय हाय?”