पाणघुशी

फ्रीसलंडच्या सपाट मुलखात
माझे वडील, हेद्झर, पाणघुशी धरायचे.
सरकारी पगारावर, छत्तीस वर्षं.
घूस ती केवढीशी,
पण बांध आतून पोखरते,
आणि बांधापलीकडचं पाणी
आमच्या छपराहून उंच.

मी ख्रोनिंगनला, तळघरात, रात्रपाळीला.
ताटलीत कोलॅजनचं जाळं, त्यावर पेशी
कुणा परक्या बाईच्या गाठीतल्या.
ती कधीच गेली.
तिच्या पेशींना हे ठाऊक नाही.

दर चार मिनिटांनी एक फोटो,
सकाळी त्यांचा दीड मिनिटाचा चित्रपट:
पेशी आधी नुसती बसते.
मग पाय काढते; पाय कसला, अंगठाच.
जिथे टेकवते तिथला धागा विरघळतो.
अंग पातळ करून शिरते.
अडतं ते केंद्रक, तिच्यातलं सर्वांत टणक;
फटीत चेपतं, फाटतं, पुन्हा सांधतं,
आणि ती पलीकडे.
पलीकडे म्हणजे रक्त.

बाबांनी हे स्वयंपाकघरात पाहिलं,
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.
म्हणाले, "मऊ जागा चाचपतेय.
घुशीचं दारही पाण्याखाली असतं.
वरून गवत हिरवंगार."

मानेवरचा तीळ कापून तीन वर्षं झाली होती.
फुप्फुसात दोन ठिपके, यकृतात एक.

जाळं कुरतडणारं विकरच रोखायचं,
अशी औषधं पूर्वी येऊन गेली.
सांधे आखडले माणसांचे,
आयुष्य वाढलं नाही.
आता आम्ही पायच फुटू नये असं काही घालून बघतो.
ताटलीत जमतं. उंदरात अर्धंमुर्धं.
पुढचं त्यांनी विचारलं नाही.

त्यांना सहा आठवड्यांनी एक सलाईन:
शरीराच्याच पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढणारं.
"म्हणजे पिंजरे होतेच," ते म्हणाले,
"कुणीतरी दार लावून ठेवलेलं."

लहानपणी विचारलं होतं,
सगळ्या मारून संपतील का?
"सीमेपलीकडून पोहत येतात नव्या.
आपण बांधावरून चालत राहायचं."

परवा गेलो. वारा होता.
दर दहा पावलांवर ते काठी खुपसत,
कान देत.
एके ठिकाणी थांबले, काठी मला दिली.
"ऐक. इथे घट्ट. आणि इथे?"

मी दोनदा खुपसली, तिसऱ्यांदाही.
मला दोन्ही आवाज
सारखेच वाटले.