तिसरा तास, पाचवा तास

तिसऱ्या तासाला आम्ही दोघी असतो.
मी फळ्यापाशी, लोरेटा खिडकीच्या कडेने
सावकाश, बाकांना धरत धरत,
गुडघा दुखतो म्हणून.
पाचव्या तासाला मी एकटी.
तोच धडा, तोच निळा मार्कर.

ऑगस्टमध्ये ती माझ्या वर्गात आली, अ‍ॅक्रनच्या या शाळेत,
तेव्हा मनात म्हटलं होतं, एका म्यानात दोन तलवारी.
आणि टेबलाचा जो कोपरा तिला मोकळा करून दिला
तो जेमतेम स्टेपलरएवढा.

ऋण गुणिले ऋण बरोबर धन.
लिहिलं, खाली रेघ मारली, पुढे निघाले.
"थांब," लोरेटा मागून म्हणाली,
"मला नाही कळलं. का?"
तिला चांगलं कळत होतं.
पण मार्केलने, सप्टेंबरपासून हूडीत मुक्कामाला असलेल्या मार्केलने,
मान वर केली.
बाईंनाही कळत नाही?

आणि मी उत्तर शोधू लागले तर
ते माझ्यापाशी नव्हतंच.
कराडला साठ जणांच्या वर्गात
आम्ही ते घोकलं होतं,
'का'साठी हात वर करायची पद्धत नव्हती.
मी तसं सांगून टाकलं.
मग लोरेटाने विचारलं, पाच डॉलरची उधारी
कुणी तीनदा पुसली तर?
"पंधराने श्रीमंत," मार्केल म्हणाला, हूडीतूनच.

रोज असं होत नाही.
कधी ती माझ्या वाक्यात पाय घालते,
कधी मी तिच्या.
प्रश्नपत्रिकेच्या लांबीवरून
आम्ही आठवडाभर फक्त मुलांशी बोललो.

पाचव्या तासाला मध्येच कुणी थांबवत नाही.
धडा लवकर संपतो, दहा मिनिटं उरतात,
आणि ती शांतता,
जिला मी इतकी वर्षं 'समजलं' असं समजत आले.

मुख्याध्यापकांनी दोन्ही तासांचे आकडे मांडले.
फरक चार गुणांचा.
"चार गुणांसाठी दुसरा पगार?"
मान वर केल्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.
जानेवारीपासून लोरेटा दुसऱ्या शाळेत.

काल पाचव्या तासाला मी मार्कर खाली ठेवला,
मागे जाऊन रिकाम्या खुर्चीत बसले
आणि हात वर केला.
"मला नाही कळलं."
फळ्यापाशी कुणीच नव्हतं.
मुलं एकमेकांकडे बघत राहिली.
ओडालिस आधी हसली,
मग उठली. मार्करचं टोपण
तिला बराच वेळ निघेना.