न दुखणारं दुखणं

वेमे नदीकाठी कसाव्याचा कीस भाजता भाजता
हुएफाच्या कोपरावर गाठ आली,
वाटाण्याएवढी.
दुखेना, म्हणून कुणी विचारलं नाही.
मग कातडी आतून सुटत गेली
ओल धरलेल्या भिंतीसारखी.
तरी दुखेना.

आता दोसू येतो सायकलवरून,
छप्पन्न दिवसांच्या गोळ्या, कार्डावर रोज एक फुली.
पहिल्यांदा लघवी केशरी झाली
तेव्हा ती घाबरून हसली होती.
हात ताण, तो म्हणतो,
नाहीतर व्रण भरताना
कोपर तसाच मिटून टाकील.

एकेचाळिसाव्या दिवशी पट्टी सोडवताना
ती ओरडली.
दोसूने चिमटा खाली ठेवला.
कुठे? इथे?
हलकेच पुन्हा दाबलं.
तिने त्याचा हात झिडकारला.

वहीत त्याने लिहिलं: दुखतं.
अक्षर जरा मोठंच आलं.