पान एकशे बारा

पुस्तकाची पाठ निखळलीय.
आई ते रबरात अडकवून ठेवते.
उघडलं की आधी हाप्सालूचा किल्ला मांडीवर पडतो,
मग उरलेलं एस्टोनिया.

समासात बाबांची पेन्सिल :
सातला निघणे. थर्मास. काल्योचा पाना परत देणे.
एका दिवसात जाऊन येण्याजोग्या प्रत्येक गावापुढे
किलोमीटर, पेट्रोल,
आणि आई कुठे कंटाळेल त्याचा अंदाज.
अंदाज बहुतेक बरोबर.

पान एकशे बारा. हीउमा बेट, बर्फावरचा रस्ता.
समुद्र गोठला की गाडी थेट पाण्यावरून.
ठळक अक्षरात :
पट्टे बांधू नका. मध्ये थांबू नका.
त्याखाली पेन्सिल :
लेइदा घाबरेल, गाणं म्हणायला लावणे.

"म्हटलं होतंस?"
"दोनदा. घाबरला होता तुझा बाप."

यंदाही समुद्र गोठला नाही.
पुस्तकाला हे कुणी कळवलेलं नाही,
त्याच्या लेखी रस्ता आहेच,
फेब्रुवारीत, चौकशी करून जावे.

चौकशी केली. बोटीचं तिकीट काढलं.
सातला निघालो, म्हणजे सव्वासातला.
थर्मास घेतला.
पाना डिकीतच होता अजून,
काल्यो नव्हता.

बोटीच्या पोटात गाड्यांची रांग, डिझेलचा वास.
वर चल म्हटलं, काठ दिसेल,
तर आई जागची हलेना.
पुस्तक मांडीवर, किल्ला पायाशी.

मधोमध आलो असू
तेव्हा खट्ट आवाज झाला.
तिनं पट्टा सोडला होता
आणि काच खाली करत होती.