सुटे भाग

बत्तीस वर्षांत आपण अकरा घरं केली,
एकाही घराला आपलं कुलूप नव्हतं.
कुलूप संस्थेचं, किल्लीला पत्र्याचा बिल्ला,
बिल्ल्यावर आधीच्या कुणाचा तरी नंबर खोडून
आपला.

तू पंपवाला. मी बाळंतपणांची.
मलावीत, रुम्फीच्या वरच्या त्या गावात उतरलो तेव्हा
ट्रकमध्ये आपल्यापेक्षा पाइप जास्त जपून बांधले होते.
न्यामहांगोनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं,
मुलं कुठायत?
तू म्हणालास, नाहीत.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाइपांकडे,
आणि कसावाची टोपली दाराशी ठेवून गेली,
सुतकाच्या घरी पिठलंभात ठेवून जातात तशी.

बेचाळीस मीटरवर पाणी लागलं.
फोटो निघाले. त्यात मी नाही.
मी न्याकुम्वेंदाच्या झोपडीत, टॉर्च दातांत धरून,
कोपरापर्यंत रक्तात.
मूल आडवं होतं. ती राहिली, ते नाही.
रात्री जेवताना तू दोनदा सांगितलंस,
गोड आहे गं पाणी.
मी ताट सारलं.

भांडायला तिथे रान मोकळं होतं आपल्याला.
भाषा कुणाला कळत होती?
ओसरीवर, दवाखान्याच्या ओट्यावर,
डिझेल संपलेल्या गाडीत, मागे सहा माणसं आणि एक डुक्कर असताना
आपण खणखणीत मराठीत भांडलो.
शेवटी तू म्हणायचास, पुरे.
मी म्हणायचे, असू दे.
त्याचा अर्थ असू द्यायचं नाही असाच होता,
हे फक्त तुला ठाऊक.

मग तिमोर.
मग किर्गिझ डोंगरातलं ते वर्ष,
तुझ्या मिशांवर बर्फ, माझ्या हातांना भेगा,
आणि फोनवर भाऊ:
आई गेली. तुम्ही जगाचं करा.
तेव्हा तू काही बोलला नाहीस.
बंब पेटवलास, माझे मोजे त्याच्यावर वाळत घातलेस,
एक मोजा जळाला.

एकोणीस वर्षांनी परत रुम्फी.
पंपाचा दांडा कुणी तरी बैलगाडीला लावलेला,
खांबाला शेळी बांधलेली.
बायका पुन्हा ओढ्याकडेच जात होत्या, खालच्या वाटेनं.
खजिनदार मापोपानं वही आणली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
एकेक क्वाचा टिपलेला.
शेवटची नोंद: वॉशर मागवला आहे.
तारीख बारा वर्षांपूर्वीची.

तू चष्मा पुसलास. घातलास. परत काढलास.
तुझ्या खिशात सवयीनं एक वॉशर होताच.
मापाचा नव्हता.

तेवढ्यात शेळीनं बादली लवंडली.
न्यामहांगो, आता दात नसलेली, ओरडली: पुरे!
आणि तिची नात तेमवा, सातआठ वर्षांची,
दोरी ओढत, मान उडवत,
अगदी माझ्या हेलात: असू दे!

मी विचारलं, कुठले गं हे शब्द?
आमचेच, तेमवा म्हणाली. घरातले.
न्यामहांगो हसून हसून खोकायला लागली.
तुम्ही ओसरीवर टाकून गेलात, म्हणाली,
आम्ही उचलले. वाया कशाला घालवायचे.
आणि अर्थ?
पुरे म्हणजे, ऐकलं मी.
असू दे म्हणजे, सीमा अजून गरम आहे, ये जेवायला.

मी तुला हाक मारली हे सांगायला.
तू खांबाशी उकिडवा बसून
दोन बोटांनी भोकाचं माप घेत होतास,
शेळी तुझ्या कॉलरचा वास घेत होती.
मी म्हटलं, अरे, असू दे.

तू वर न बघता हात पुढे केलास.
पेन्सिल, म्हणालास.
दिली.