असे वाचावे

सीपीआरच्या ओपीडीत, औषधांच्या खिडकीला लागून
माझं टेबल. पाठीमागं फ्लेक्स,
त्यावर योजनेचं नाव आणि एक हसरं कुटुंब,
त्यातल्या बाईच्या गालावरून पाल सावकाश जाते.

मी आरोग्यमित्र. गळ्यात ओळखपत्र,
पुढ्यात की-बोर्ड, एंटर झिजून पांढरा झालेला.
लोकांना वाटतं, मंजुरी माझ्या हातात आहे.
मंजुरी मुंबईत असते.
तिथं बैठक होते, टिपणी वर जाते, खाली येते,
आणि आमच्यापर्यंत पोचते ती पीडीएफ होऊन,
मोबाईलच्या ग्रुपवर, रात्री अकराला.

त्या रात्री आली:
‘सहपत्र ब, परिच्छेद ३ मधील
"पिवळी व केशरी शिधापत्रिका" याऐवजी
"सर्व शिधापत्रिका" असे वाचावे.’

बस्स, एवढंच.
एवढ्या मोठ्या राज्यातली सगळी पांढरी कार्डं
एका ‘याऐवजी’नं उंबऱ्याच्या आत घेतली.
मी अंथरुणात उठून बसले, ती ओळ तीनदा वाचली,
आणि मला तवनाप्पा आठवले.

तवनाप्पा मगदूम, हुपरी.
चाळीस वर्षं चांदीला पॉलिश. नखांत काळं बसलेलं,
लिंबानं घासलं तरी जात नाही.
थोरला दोन वर्षं बँकेत होता, तेव्हा कार्ड पांढरं झालं.
थोरला पुण्याला गेला, वेगळा झाला,
कार्ड पांढरंच राहिलं.

हृदयाची झडप.
मागच्या महिन्यात मीच म्हणाले होते, "बसत नाही, काका."
ते म्हणाले, "झडपंला कुठला रंग असतोय, ताई?"
आणि हसले. हसताना दम लागला, बाकावर टेकले,
पिशवीतनं भडंगाची पुडी काढून
मलाच दिली.

सकाळी फोन केला. "काका, आता बसतंय."
"कागदात माझं नाव हाय?"
"नाव नाही. तुमच्यासारख्या सगळ्यांचं आहे."
"मग मी तेवढा येतो. सगळ्यांस्नी मागनं बोलवा."

आले, साडेनवाच्या गाडीनं,
कडक इस्त्रीची टोपी, जणू कुणाच्या साखरपुड्याला.
मी नंबर घातला.
‘लाभार्थी अपात्र.’
परत घातला. परत तेच.

जिल्हा समन्वयकांना विचारलं.
म्हणाले, निर्णय लागू आहे, मॅडम,
प्रणाली अद्ययावत व्हायची आहे.

लागू आहे, आणि व्हायचं आहे.
ह्या दोन्हींच्या मधे थोडी जागा उरते.
मी मोजली नाही, पण तिच्यात
एक लाकडी बाक मावतो, त्यावर एक माणूस,
त्याच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट.

"किती दिवस?"
मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, आठवडा.
ते म्हणाले, "बरं. तवर दुकानात जातो.
लग्नसराई हाय, पैंजणं पडून हाईत."

मी रोज सकाळी आल्या आल्या
पहिला त्यांचाच नंबर घालायची.
आधी खुर्ची पुसायचे, तीही मग सोडली.
पाचव्या दिवशी रजिस्टरच्या मागच्या पानावर
पेन्सिलीनं लिहिलं:
‘अपात्र’ याऐवजी ‘खोळंबलेला’ असे वाचावे.
खाली सही केली नाही. मला अधिकार नाही.

अकराव्या दिवशी पडदा हिरवा झाला.
शेजारच्या लॅबवाल्याला मी हाक मारून दाखवला,
त्यानं मान वळवून बघितलं, "काय झालं?" म्हणाला.

फोन लावला. सुनेनं उचलला.
मागं मशीन घरघरत होतं, बफिंगचं,
ती ओरडून बोलत होती, मीही ओरडून:
बसतंय म्हणावं, उद्याच या म्हणावं,
उपाशीपोटी, मूळ कार्ड घेऊन!

"थांबा, सांगते," म्हणाली,
फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज,
मग चपलांचा,
मग मशीन थांबलं.

थांबलं, एवढंच कळलं मला.
मी फोन कानाला लावून उभी.
रांगेतली बाई कार्ड पुढं सरकवत म्हणाली,
"ताई, आमचं बगा की तोवर.
पांढरं हाय. चालतंय न्हवं?"